आशियाई चषकातला भारत: सोळा सामन्यांचा हिशेब

2027 च्या आशियाई चषकाची पात्रता भारताच्या हातून गेली, त्यावरचं टिपण मागच्या अंकात आलं होतं. त्यानंतर नागपूर शहर, कामठी आणि हिंगण्याकडून या विषयावर बरीच पत्रं आली. ज्या प्रश्नांचा इतर वाचकांनाही उपयोग होईल, ते इथे घेतले आहेत.

प्रश्न (सदर, नागपूर): पेपरात ‘आशिया चषक’ वाचलं की क्रिकेटच डोळ्यांपुढे येतं. फुटबॉलचा चषक कोणता? 1951 आणि 1962 मध्ये भारताने जिंकला तोच का?

तो नव्हे. 1951 ला दिल्लीत आणि 1962 ला जकार्तात भारताने जिंकली ती आशियाई क्रीडा स्पर्धेतली सुवर्णपदकं. दिल्लीत अंतिम सामन्यात इराणला 1-0 असं हरवलं, जकार्तात दक्षिण कोरियाला 2-1 असं. ती स्पर्धा अनेक खेळांची असते आणि फुटबॉल हा त्यातला एक खेळ.

खंडाचं फुटबॉल अजिंक्यपद म्हणजे एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) आशियाई चषक. तो 1956 मध्ये हाँगकाँगला सुरू झाला आणि भारताला आजवर एकदाही जिंकता आलेला नाही. नावांचा घोळ टाळायचा तर क्रिकेटला ‘आशिया चषक’ आणि फुटबॉलला ‘आशियाई चषक’ म्हणावं, आम्हीही तसंच छापतो. 1984 मध्ये दोन्ही स्पर्धांत भारत होता. एप्रिलमध्ये शारजात क्रिकेटचा पहिला आशिया चषक भारताने जिंकला आणि डिसेंबरमध्ये सिंगापूरला फुटबॉलचा संघ एकही गोल न करता परतला.

प्रश्न (महाल, शाळेतील क्रीडाशिक्षक): शाळेच्या भिंतीवर भारताच्या आशियाई चषकातल्या कामगिरीचा तक्ता लावायचा आहे. मोबाईलवर प्रत्येक ठिकाणी आकडे वेगळे दिसतात. नेमकं काय लिहावं?

आकडे वेगळे दिसतात, कारण कुणी पात्रता फेरीचे सामने धरतं, कुणी सोडतं. तक्त्याच्या डोक्यावर ‘फक्त मुख्य स्पर्धा’ असं आधी लिहा, मग खालचा मजकूर उतरवा.

1964, इस्रायल: दक्षिण कोरियावर 2-0 विजय, इस्रायलकडून 0-2 हार, हाँगकाँगवर 3-1 विजय. उपविजेता.
1984, सिंगापूर: सिंगापूरकडून 0-2, संयुक्त अरब अमिरातीकडून 0-2, इराणशी 0-0, चीनकडून 0-3.
2011, कतार: ऑस्ट्रेलियाकडून 0-4, बहरीनकडून 2-5, दक्षिण कोरियाकडून 1-4.
2019, अमिराती: थायलंडवर 4-1 विजय, अमिरातीकडून 0-2, बहरीनकडून 0-1.
2023, कतार (सामने जानेवारी 2024 मध्ये): ऑस्ट्रेलियाकडून 0-2, उझबेकिस्तानकडून 0-3, सीरियाकडून 0-1.

बेरीज अशी: 5 स्पर्धा, 16 सामने, 3 विजय, 1 बरोबरी, 12 पराभव. केलेले गोल 12, खाल्लेले 33. तक्ता रंगवण्याआधी मुलांकडूनच ताळा करून घ्या. विजय, बरोबरी आणि पराभव मिळून 16 यायला हवेत. केलेले गोल स्पर्धेप्रमाणे 5, 0, 3, 4, 0 आणि खाल्लेले 3, 7, 13, 4, 6. यातला एक आकडा चुकला तरी बेरीज लगेच बोंबलते.

दोन चुका हमखास होतात. पहिली, शेवटच्या स्पर्धेचं वर्ष. स्पर्धेचं अधिकृत नाव 2023, पण खेळली गेली 2024 मध्ये. दोन्ही वर्षं लिहा, नाहीतर एकाच स्पर्धेच्या दोन ओळी होतात. दुसरी, गोलांचा क्रम. भारताचा आकडा नेहमी आधी लिहायचा असं ठरवा आणि शेवटच्या ओळीपर्यंत तेच पाळा.

गोल करणाऱ्यांची यादी लावायची तर जागा थोडीच लागेल. सुनील छेत्री 4, इंदरसिंग 2 आणि प्रत्येकी एक गोल अप्पालाराजू, सुकुमार समाजपती, चुनी गोस्वामी, गौरमांगी सिंग, अनिरुद्ध थापा आणि जेजे लालपेखलुआ यांचा. साठ वर्षांत आठ माणसं.

प्रश्न (धरमपेठ): 1964 चा अंतिम सामना भारत इस्रायलकडून हरला, असं वडील सांगत. पण अंतिम सामना झालाच नव्हता, असंही वाचलं. खरं कोणतं?

दुसरं खरं. स्पर्धेत संघ चारच होते: यजमान इस्रायल, भारत, दक्षिण कोरिया आणि हाँगकाँग. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, विजयाला 2 गुण, बरोबरीला 1, आणि सर्वांत जास्त गुणांचा संघ विजेता. उपांत्य किंवा अंतिम असा सामनाच नव्हता. वडिलांच्या आठवणीतली हार मात्र खरी आहे. विजेतेपद गेलं ते त्याच सामन्यात.

27 मे रोजी हैफात कोरियाविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला अप्पालाराजूने गोल केला, उत्तरार्धात इंदरसिंगने दुसरा मारला. 29 मे रोजी जाफाला इस्रायलकडून 0-2 हार झाली. 2 जूनला रामत गान इथे हाँगकाँगला 3-1 हरवून भारताने 4 गुणांवर आपले सामने संपवले. इस्रायलचेही तेव्हा 4 गुण होते, पण त्यांचा कोरियाशी सामना बाकी होता आणि त्यात नुसती बरोबरीही त्यांना पुरणार होती. 3 जूनला त्यांनी कोरियाला 2-1 हरवलं. म्हणजे एक रात्र तरी भारत गुणांत इस्रायलच्या बरोबरीने होता.

कर्णधार चुनी गोस्वामी, प्रशिक्षक हॅरी राइट. 1962 च्या सुवर्णपदकाचे शिल्पकार सय्यद अब्दुल रहीम जून 1963 मध्येच गेले होते, तरी अनेक लेखांत 1964 चं श्रेय त्यांच्या नावावर लावलेलं दिसतं. संघ बराचसा त्यांनी घडवलेला होता हे खरं, पण इस्रायलला बाकावर राइट होते.

आता या उपविजेतेपदाचं वजन किती धरायचं? पात्रता गटातल्या इतर संघांनी माघार घेतल्याने भारत एकही पात्रता सामना न खेळता इस्रायलला पोचला, हे आधी मान्य केलं पाहिजे. ‘आशियात दुसरा’ हे शब्द आजच्या चोवीस संघांच्या स्पर्धेच्या मापाने वाचू नयेत. पण म्हणून ते फुकटात मिळालं असंही कुणी म्हणू नये. कोरिया हा 1956 आणि 1960 असा लागोपाठ दोन वेळचा विजेता होता. त्याला भारताने दोन गोलांनी हरवलं, आणि आशियाई चषकातल्या भारताच्या सोळा सामन्यांत याहून मोठा विजय आमच्या मते दुसरा नाही.

प्रश्न (इतवारी): 1984 चा संघ अगदीच कच्चा होता का?

नाही. सिरिक मिलोव्हान या युगोस्लाव्ह प्रशिक्षकाच्या हाताखाली तो कोलकात्यातल्या पात्रता गटात कोरियाच्या मागे दुसरा आला आणि मैदानावर खेळून पात्र ठरला. भारत खेळून पात्र होण्याची ती पहिलीच वेळ. सिंगापुरात चार सामन्यांत गोल झाला नाही ही मोठी उणीव, पण इराणशी 0-0 ही बरोबरी हलकी समजू नका. 1968, 1972 आणि 1976 असे सलग तीन चषक जिंकलेला तो देश, आणि त्या वर्षीही तो उपांत्य फेरीत गेला. सोळा सामन्यांतली ही एकमेव बरोबरी.

प्रश्न (हिंगणा): 1984 नंतर थेट 2011. मधली सत्तावीस वर्षं काय झालं? आणि 2011 ला आपण मागच्या दाराने गेलो, असं म्हणतात ते बरोबर का?

मुख्य स्पर्धेपेक्षा भारताचा खरा इतिहास पात्रता फेरीत घडला आहे, आणि त्याकडे कुणी बघत नाही. 1960 आणि 1968 ची पात्रता हुकली. 1972, 1976 आणि 1980 ला भारत खेळलाच नाही. संघ बरा असतानाची तीन चषकांची ही गैरहजेरी पुढे फार महागात पडली. 1988 पासून 2007 पर्यंत सलग सहा वेळा पात्रता हुकली. 2007 च्या पात्रतेत जपान, सौदी अरेबिया आणि येमेन यांच्या गटात सहाच्या सहा सामने गेले.

2011 चा रस्ता वेगळा होता. क्रमवारीत खाली असलेल्या देशांसाठी आशियाई महासंघाने चॅलेंज कप सुरू केला होता, आणि 2008 च्या विजेत्याला आशियाई चषकात थेट जागा होती. 13 ऑगस्ट 2008 रोजी दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर भारताने ताजिकिस्तानला 4-1 हरवलं. छेत्रीचे तीन गोल, बायचुंग भूतियाचा एक. याला मागचं दार म्हणणं आम्हाला पटत नाही. नियम सगळ्यांना आधीपासून माहीत होता आणि भारताने ती स्पर्धा जिंकली.

मात्र या रस्त्यात एक खोट होती. मोठ्या संघांशी पात्रतेचे सहा सामने खेळून जी घडण होते, ती इथे झाली नाही. मधल्या अडीच वर्षांत स्पर्धात्मक कस लागला नाही आणि दोहात तीन सामन्यांत 13 गोल बसले. बहरीनच्या इस्माईल अब्दुल लतीफने एकट्याने चार मारले. गोलकीपर सुब्रत पालने वाचवलेले फटके मोजले तर हा आकडा बराच पुढे गेला असता. 18 जानेवारीच्या कोरियाच्या सामन्यात अठरा वर्षांच्या सोन ह्युंग-मिनने आपला पहिला आंतरराष्ट्रीय गोल केला, तोही भारताविरुद्धच.

पुढे तोच रस्ता उलटला. 2012 च्या चॅलेंज कपात काठमांडूला भारत तिन्ही सामने हरला आणि 2015 चा चषक हुकला.

प्रश्न (मोहननगर): आमचे पोट्टे म्हणतात, 2019 ला आपण एका मिनिटानं हुकलो. गटात शेवटचा आलेला संघ एका मिनिटानं कसा काय हुकतो जी?

पोट्टे बरोबर सांगतात. कागद घ्या आणि मांडून बघा.

गटात भारत, अमिराती, थायलंड आणि बहरीन. शेवटच्या दिवशी दोन्ही सामने एकाच वेळी सुरू होते. 90 व्या मिनिटाला भारत-बहरीन 0-0 आणि अमिराती-थायलंड 1-1. सामने तिथेच संपले असते तर गुण असे झाले असते: अमिराती 5, भारत 4, थायलंड 4, बहरीन 2.

भारत आणि थायलंडचे गुण सारखे. इथे पुष्कळजण आधी गोलफरक (केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा) काढतात आणि गोंधळतात. या स्पर्धेत गुण सारखे झाले की आधी त्या दोन संघांमधला सामना बघतात, एकूण गोलफरक नंतर. भारताने थायलंडला 4-1 हरवलं होतं. म्हणजे भारत दुसरा आणि थेट बाद फेरीत.

प्रत्यक्षात काय झालं? 90 व्या मिनिटाला आपल्या बॉक्समध्ये प्रणय हलदरच्या हातून फाउल झाला. जमाल रशीदने पेनल्टी मारली आणि बहरीन 1-0 जिंकलं. बहरीनचे गुण झाले 4, भारताचे राहिले 3. एका फटक्याने भारत दुसऱ्यावरून चौथ्यावर घसरला. आता बहरीन आणि थायलंड 4-4 वर, आणि थायलंडने बहरीनला 1-0 हरवलेलं, म्हणून थायलंड दुसरा. बहरीन तिसऱ्या क्रमांकावरच्या चांगल्या संघांत बसून पुढे गेला. सहा गटांतले तिसरे आलेले चार संघ पुढे जाणार होते, आणि त्यातले तीन 3 गुणांवरच गेले. भारताचेही 3 गुण होते आणि गोलफरक शून्य, पण चौथ्या संघाला त्या यादीत जागाच नसते. त्याच स्पर्धेत व्हिएतनाम आणि लेबनॉन यांचे गुण, गोलफरक, केलेले गोल, सगळं सारखं झालं आणि पिवळी कार्डं कमी म्हणून व्हिएतनाम पुढे गेला. तुमच्या पोट्ट्यांना हे मुद्दाम सांगा. रेफरीशी हुज्जत घालून घेतलेलं एक कार्डसुद्धा संघाला घरी पाठवू शकतं.

त्या दिवशी भारत बरोबरीसाठी फार मागे सरकून खेळला, हे नमूद केलं पाहिजे. अनस एडथोडिका पहिल्या काही मिनिटांतच जखमी होऊन बाहेर गेला, बचावफळीची घडी तिथेच विस्कटली. पण त्याआधी अमिरातीविरुद्ध 0-2 हरतानाही उदांता सिंग आणि संदेश झिंगन यांचे फटके क्रॉसबारला लागून परत आले होते. पाच स्पर्धांत बरोबरीच्या नात्याने खेळलेला संघ विचाराल तर आम्ही 2019 चं नाव घेऊ, 1964 चं मोठेपण कमी न करता.

शिवाय हा संघ लांबच्या वाटेने आला होता. मार्च 2015 मध्ये नेपाळविरुद्ध पहिली फेरी, मग लाओसविरुद्ध दोन सामने, मग म्यानमार, किरगिझस्तान आणि मकाव यांचा गट. 11 ऑक्टोबर 2017 रोजी बंगळुरूत मकावला 4-1 हरवून पात्रता नक्की झाली. अडीच वर्षं एकत्र झिजलेल्या संघाचा खेळ थायलंडविरुद्ध दिसला.

प्रश्न (जरीपटका): मग 2024 ला तोच संघ इतका फिका का पडला?

गोल करणारा एकच माणूस होता आणि तो एकोणचाळीस वर्षांचा होता. पात्रता झाली ती जून 2022 मध्ये कोलकात्यात, कंबोडिया, अफगाणिस्तान आणि हाँगकाँग या तिघांना हरवून. कंबोडियाविरुद्धचे दोन्ही गोल छेत्रीचे, अफगाणिस्तानविरुद्धची फ्री किकही त्याचीच. घरच्या मैदानावर हे चाललं, कतारमध्ये नाही. ऑस्ट्रेलियाला अख्खा पूर्वार्ध थोपवलं, 50 व्या मिनिटाला पहिला गोल बसला. उझबेकिस्तानविरुद्ध मात्र चौथ्याच मिनिटाला आणि मध्यंतरापर्यंत तीन. सीरियाचा सामना जिंकण्यासारखा होता, तो 76 व्या मिनिटाला ओमर खरबिनच्या गोलने गेला.

ऑस्ट्रेलियाच्या सामन्याची एक नोंद तक्त्यात जरूर घ्या: जपानच्या योशिमी यामाशिता रेफरी होत्या. पुरुषांच्या आशियाई चषकात महिला रेफरीने सामना चालवण्याची ती पहिली वेळ.

प्रश्न (कामठी, मुलांचा प्रशिक्षक): 2025 मध्ये हाँगकाँगलाही शेवटच्या मिनिटाच्या पेनल्टीवर हरलो. आमच्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांचंही असंच होतं. यावर सराव कसा घ्यावा?

2027 च्या पात्रतेत गटातला पहिलाच संघ पुढे जाणार होता. शिलाँगला बांगलादेशशी 0-0, हाँगकाँगला 0-1, सिंगापूरला 1-1, मडगावला सिंगापूरकडून 1-2. चार सामन्यांत 2 गुण आणि दार बंद. त्यातला हाँगकाँगचा गोल भरपाई वेळेतला. उंच चेंडू पंच करायला विशाल कैथ पुढे आला, चेंडूऐवजी प्रतिस्पर्ध्याला धडक बसली आणि पेनल्टी गेली.

बहरीन आणि हाँगकाँग, दोन्ही ठिकाणी मूळ एकच. संघ दमून स्वतःच्या बॉक्सजवळ अडकलेला, परतवलेला चेंडू पुन्हा पुन्हा आत येतोय आणि कुणीतरी अर्धा सेकंद उशिरा पोचतोय. उशिरा पोचलेला पाय चेंडूला लागत नाही, माणसाला लागतो. म्हणून सराव दमलेल्या पायांवरच घ्यायचा, ताज्या पायांवर त्याचा काही उपयोग नाही.

फक्कीने पूर्ण मापाचा बॉक्स आखा: रुंदी 40.3 मीटर, खोली 16.5 मीटर. गोलरेषेपासून 25 मीटरवर एक आडवी रेष मारा. बचावाला पाच मुलं आणि गोलकीपर, हल्ल्याला सात. सुरू करण्याआधी बचावाच्या पाचांना 20 मीटरच्या सहा धावा जोरात पळवा आणि लगेच उभं करा. तुम्ही बाजूने उंच चेंडू टाका. तो परतवला की दोन सेकंदांत दुसरा चेंडू मैदानात यायला हवा, त्यासाठी आठ-दहा चेंडू पायाशी ठेवा. चार मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती, असे चार डाव. चेंडू 25 मीटरच्या रेषेपलीकडे गेला तर बचावाला 1 गुण. बॉक्समध्ये फाउल झाला तर 3 गुण वजा, आणि पेनल्टी खरोखर मारायला लावा.

बिघडतं कुठे ते सांगतो. मुलं चेंडू डोक्याने मधोमध परतवतात आणि तो समोरच्याच पायात पडतो. बाजूरेषेकडेच मारायचा, बाहेर गेला तरी चालेल. दुसरं, चेंडूकडे बघताना आपला माणूस पाठीमागे निसटतो आणि मग मागून पाय घातला जातो. नेहमी माणूस आणि गोल यांच्या मधे उभं राहायचं, हात अंगालगत, आणि बॉक्समध्ये घसरून टॅकल पूर्ण बंद. आपल्या भागातल्या काळ्या मातीवर पावसाळ्यात पाय ठरल्या जागी थांबतच नाही, तेव्हा ही बंदी सरावात सुद्धा सैल करू नका. माणूस गोलकडे पाठ करून असेल तर त्याला तसाच राहू द्या, दीड हात अंतर ठेवून. तो वळायच्या आत मदत येते.

गोलकीपरला एकच नियम: बाहेर यायचं तर पहिल्या पावलाआधी ‘माझा’ अशी हाक गेली पाहिजे. हाक उशिरा निघाली तर यायचं नाही, रेषेवरच थांबायचं. हाक दिल्यावर बचावाच्या मुलांनी वाट सोडून गोलरेषेकडे सरकायचं, त्याच्या मधे घुसायचं नाही. आठवड्यातून दोनदा, सरावाच्या शेवटी घ्या. पहिले दोन आठवडे उणे गुणच जास्त येतील, तेव्हा डाव थांबवून ओरडू नका. फाउल झाल्या जागी फक्कीची खूण करा. महिन्याभराने कुठल्या कोपऱ्यात खुणा जास्त पडल्या ते बघा, तुमच्या संघाची गळती तिथेच आहे.